आमच्या दुकानवाल्या बाई

डॉ. शरयू देवस्थळे यांची आणि माझी ओळख माझ्या गुडघ्यामुळे झाली. माझं बोलणं लिहून घेणारी माझी सून मृणाल इथेच थांबली. म्हणाली, "आई, अमृतमहोत्सवी गौरवग्रंथ आहे. गुडघ्यापासून कशाला सुरुवात?" मी म्हटलं, लिही. ग्रंथ बाईंचा आहे, गुडघा माझा आहे आणि ओळख दोघींची आहे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या ग्रंथाचे संपादक माधवराव यांनी फोन करून माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा म्हणाले, "काकू, आठवणी गोड असू द्या. ती हॉटेलातल्या सभेची गोष्ट मात्र नको. उगाच जुना वाद." मला फोन आपटायचा होता, पण फोन माझ्या मुलाचा, सतीशचा होता. गोड हवं असेल तर समारंभात जिलबी ठेवा. मी त्या सभेचीच गोष्ट सांगणार आहे. ती वगळून शरयूबाईंचा गौरव करायचा म्हणजे माणसाला शाल पांघरायची आणि त्याच शालीने त्याचं तोंडही झाकायचं.

तर गुडघा. अकोल्याहून मी कॅनडात, मिल्टनला मुलाकडे आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात. आमचा सतीश टोरोंटोला बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. सकाळी अंधारात गाडी पकडतो आणि अंधारातच परत येतो. घर नवं कोरं, रस्ता नवा कोरा, आणि सगळी घरं अशी सारखी की मी एकदा शेजाऱ्यांच्या दाराची मूठ फिरवत उभी राहिले होते. संक्रांतीला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम होता. तो जिना उतरता उतरता माझा गुडघा बोलायला लागला. खाली खुर्चीवर टेकते न टेकते तोच यजमानीणबाई एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंना घेऊन आल्या. म्हणाल्या, "आजी, या शरयूताई. फार मोठ्या केमिस्ट आहेत."

आता अकोल्यात केमिस्ट कुणाला म्हणतात, हे वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांना ठाऊक आहे. चौकातलं काचेच्या कपाटांचं दुकान, वर पाटी, आत "डॉक्टरची चिठ्ठी दाखवा" म्हणणारा माणूस. मला फार बरं वाटलं. बाप्पा, परदेशात आपल्या माणसाचं मेडिकल! मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बाई, देवासारख्या भेटलात. गुडघ्याला चोळायचं काही आहे का दुकानात? आणि गॅसच्या गोळ्याही टाका त्यातच."

बेसमेंटमधल्या सगळ्या बायका हसल्या. शरयूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "कोणता गुडघा?"

पुढच्या रविवारी त्या स्वतः गाडी चालवत बर्फातून आमच्याकडे आल्या. मलमाची ट्यूब त्यांनी कुठल्याशा औषधाच्या दुकानातून घेतली होती. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीबरोबर ते चालतं की नाही, हे तिथल्या माणसाला दोनदा विचारून आल्या होत्या. चहा टाकला तेव्हा म्हणाल्या, "गंगाबाई, माझं दुकान नाही हो. मी रंगाच्या कारखान्यात होते."

"म्हणजे रंगारी?"

"रंगाऱ्याच्या मागची. भिंतीला लावलेला रंग इथल्या थंडीत सोलून पडू नये, म्हणून त्यात काय घालायचं ते मी शोधायचे. आमच्यासारख्यांनाही केमिस्टच म्हणतात."

"मग दुकानवाल्याला काय म्हणतात?"

"इथे दुसरं म्हणतात. आपल्याकडे दोघांनाही तेच."

चहा उकळला तोवर माझ्या डोक्यात उजेड पडला होता. पण तोंडाला जे लागलं ते लागलं. त्या दिवसापासून माझ्यासाठी त्या दुकानवाल्या बाई, आणि त्याही फोनवर "दुकानातून बोलतेय" असंच म्हणतात.

बाईंच्या कामाबद्दल विद्वान मंडळी या ग्रंथात लिहितीलच. मला त्यातलं एवढंच कळलं आहे. सदुसष्ट साली इथले कायदे बदलले, तेव्हापासून आपली माणसं इकडे यायला लागली, त्यांतल्याच त्या. पदरात डॉक्टरेट, आणि पहिलं काम मिळालं काचेची भांडी धुण्याचं. भांडी धुता धुता त्या लॅबच्या मुख्य झाल्या. पण रंगांच्या उग्र वासात उभं आयुष्य गेलं, त्यात नाक गेलं. एकदा माझी फोडणी करपली. घरभर धूर, छताचा अलार्म बोंबलतोय, सतीश टॉवेल हलवत पळतोय, आणि बाई टेबलाशी बसून शांतपणे विचारतात, "काही करपलं का हो?" मागून म्हणाल्या, "नाक कारखान्याला दिलं, गंगाबाई. पेन्शनमध्ये परत मिळालं नाही." असं त्या स्वतःबद्दल बोलतात. हसू येतं, आणि मग बराच वेळ बरं वाटत नाही.

नोकरीच्या बाहेर जेवढा वेळ उरला तेवढा त्यांनी एका संस्थेला दिला. कॅनडाभरच्या रसायनवाल्यांची ती संस्था. बाई तिला सोसायटी म्हणायच्या. आमच्या गावी सोसायटी म्हणजे खताचं गोदाम, त्यामुळे मी बरेच दिवस समजत होते की बाई युरिया वाटतात. तर त्या संस्थेसाठी बाईंनी काय केलं नाही? शाळेतल्या मुलांना प्रयोग दाखवले, परीक्षांचे पेपर तपासले, सभांच्या खुर्च्यासुद्धा मांडल्या. एक पैसा घेतला नाही. मी एकदा विचारलं, "बाई, ते तुम्हाला काय देतात?" तर म्हणाल्या, "माझं माहेर आहे ते. माहेराकडून काय घ्यायचं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. माझा सगळा राग या वाक्याशी येऊन थांबतो.

आता माझ्या सुनेचं. मृणाल म्हणते, माझं कशाला? पण तिच्याशिवाय ही गोष्टच नाही. मृणाल नागपूरची एम.एस्सी., विषय रसायनशास्त्र. लग्नाआधी आणि नंतरही ती औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये होती. बाजारात जाणारी प्रत्येक बाटली तिच्या सहीशिवाय बाहेर पडायची नाही. मला तिची सवय ठाऊक आहे: दुकानात गेली की कुठलीही बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर मला मोठ्याने वाचून दाखवायची. "आई, बघा, यात हे घातलंय, यात काहीच नाही, नुसतं पाणी आणि सुवास."

इथे आल्यावर तिला काम मिळालं वॉन गावच्या एका वेअरहाऊसमध्ये, शाम्पूच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवण्याचं. लॅबमध्ये अप्लाय केलं की लॅबवाले म्हणायचे, नावापुढे संस्थेची अक्षरं लावून आणा. म्हणजे संस्थेने एकदा तपासून म्हटलं पाहिजे की ही बाई खरोखर केमिस्ट आहे. मृणालने संस्थेकडे सगळी कागदपत्रं पाठवली. आणि संस्थेच्या समितीने तिला कळवलं की औषधाच्या दुकानात काउंटरवर उभं राहण्याचा अनुभव धरता येत नाही.

काउंटरवर! झालं होतं असं की मृणालचा कारखाना मुळात नागपुरातलं एक औषधांचं दुकान. मालकाने दुकानाचा कारखाना केला, पण नाव तेच ठेवलं, शेवटी 'केमिस्ट्स' असलेलं. समितीने ते नाव वाचलं आणि माझ्या सुनेला गल्ल्यावर बसवलं. मी जी चूक तिळगुळाच्या दिवशी केली, तीच त्यांनी केली. फरक एवढाच की माझ्या चुकीने कुणाचं पोट मारलं गेलं नाही.

त्या संध्याकाळी मृणाल कामावरून आली, जिन्याच्या पायरीवर बसली, एक बूट काढला आणि दुसरा काढायचाच विसरली. मी म्हटलं, "काय झालं गं?" तिने सांगितलं. रडली नाही. पण त्यानंतर दुकानात बाटली उलटी करणं तिने बंद केलं. घेतली की टोपलीत टाकायची. मला वाचता येत नाही, पण एखादीने वाचणं सोडलं की मला कळतं. (मृणाल म्हणते, हे काढा. मी म्हणते, राहू दे.)

मग सतीशच्या डोक्यात आलं की शरयूबाईंना सांगावं. बाई जेवायला आल्या होत्या तेव्हा त्याने विषय काढला. "मॅडम, तुम्ही एक पत्र द्या ना. की मृणालने तुमच्या हाताखाली काही दिवस लॅबमध्ये काम केलंय. तुमच्या शब्दाला कोण नाही म्हणणार?"

बाईंनी ताटातला हात थांबवला. "तिने केलंय का माझ्या हाताखाली काम?"

"नाही, पण ती करू शकली असती."

"सतीश, रंगाच्या रिपोर्टवर मी कधी खोटी सही केली नाही. माणसाच्या रिपोर्टवर करू?"

"सगळे करतात, मॅडम."

"मग सगळ्यांकडे जा." आणि त्या उठल्या, हात धुतले, कोट चढवला आणि गेल्या. भातसुद्धा तसाच राहिला.

मला इतका राग आला बाईंचा, की सांगता सोय नाही. तत्त्व तुमचं आणि लेबलं चिकटवायची माझ्या सुनेने! मी मलमाची ट्यूब कपाटात मागे ढकलली. गुडघा दुखला तरी चोळली नाही. त्यांचा फोन आला तर "झोपलेय म्हणून सांग" म्हणायचे, आणि तेही एवढ्या मोठ्याने की त्यांना पलीकडे ऐकू जावं.

पण बाई रागावून बसणाऱ्या नव्हेत. काही आठवड्यांनी त्या आपण होऊन आल्या, दारातच म्हणाल्या, "गंगाबाई, झोप झाली का?" आणि मृणालला समोर बसवून म्हणाल्या, "खोटं पत्र देणार नाही. पण तू जे खरं आहेस, ते त्यांच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही." त्यांनी समितीला समजावून लिहिलं की हा शब्द भारतात दोन अर्थांनी चालतो, हा कारखाना आहे, दुकान नाही. समितीने कळवलं, कागद जसा आहे तसाच वाचला जाईल. त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. नुसती मृणाल नव्हती हो. बाईंनी शोधून काढलं की अशीच आणखीही कितीतरी आपली माणसं काउंटरवर बसवलेली आहेत.

आता या समितीत कोण होतं? आपले माधवराव होते. पुण्याचे. ज्यांच्या गल्लीच्या तोंडाशी केमिस्टची पाटी होती आणि ज्यांनी लहानपणी आईसाठी तिथून औषधं आणलेली आहेत. बाईंनी त्यांना फोन केला, तेव्हा मी तिथेच बसले होते. बाई म्हणाल्या, "माधवराव, तुम्हाला तर ठाऊक आहे. समितीत एक वाक्य बोला." माधवरावांचं उत्तर बाईंनी मला मागून सांगितलं. ते म्हणाले, "शरयूताई, आपल्याच माणसांची बाजू घेतली असं दिसेल. आपण इथे एवढ्या वर्षांत नाव कमावलंय, ते जपायला हवं."

नाव कसलं जपता? ज्या शब्दाचा अर्थ सांगायला तुमची जीभ उचलत नाही, त्या शब्दाच्या जोरावर तुम्ही घर बांधलंत.

त्या उन्हाळ्यात संस्थेचं वार्षिक संमेलन टोरोंटोतच एका मोठ्या हॉटेलात होतं. बाई मला म्हणाल्या, "चला गंगाबाई, माझं माहेर दाखवते." मृणालने कामावर सुट्टी टाकली आणि आम्ही निघालो. बाईंनी निळी इरकल नेसली होती. दारात एका मुलीने माझ्या पदराला पाहुणी म्हणून बिल्ला लावला. आत थंडगार हॉल, कोट घातलेली माणसं, आणि आपली मंडळीही भरपूर. कितीतरी चेहरे मी गणपतीत पाहिलेले. माधवराव पुढच्या रांगेत होते. मला बघून हात हलवला.

दुपारी सभासदांना प्रश्न विचारायची वेळ होती. बाई उठून माइकपाशी गेल्या. इंग्रजीत बोलत होत्या, आणि मृणाल माझ्या कानात सांगत होती. बाई म्हणाल्या, "मी माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. मी केमिस्ट आहे म्हटल्यावर तिने माझ्याकडे गुडघ्याचं औषध मागितलं." हॉल हसला. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी हात वर केला, आणखी हसले. मलाही हसू आलं.

मग बाई म्हणाल्या, "तिची चूक दुरुस्त व्हायला एक चहा उकळण्याएवढा वेळ लागला. आपल्या समितीला हीच चूक मी कित्येक महिने दाखवते आहे. आपला चहा अजून उकळलेला नाही."

हसू बंद झालं. व्यासपीठावरचे गृहस्थ म्हणाले, ही सभा कुणाच्या खाजगी प्रकरणासाठी नाही. बाई हलल्या नाहीत. "खाजगी नाही, शब्दाचं प्रकरण आहे. इथे भारतातून आलेले अनेक सभासद बसलेले आहेत. त्यांतल्या कुणीही एकाने उभं राहून एवढंच सांगावं की आमच्याकडे औषधाच्या दुकानाला आणि लॅबमधल्या माणसाला एकच शब्द आहे की नाही. मग मी खाली बसते."

मृणालने हे सांगितलं आणि मी वळून बघितलं. आता एकेक जण उठेल. गणपतीच्या आरतीला यांचा आवाज पार्किंगपर्यंत जातो. कुणी उठलं नाही. एक जण चष्मा पुसत होते. एक बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, आणि अजूनही शोधत असतील. आणि माधवराव आपल्या बुटांकडे बघत होते.

शरयूबाई माइकपाशी एकट्या उभ्या होत्या. पदर खांद्यावरून सरकला होता, तो त्यांनी सावरलाही नाही. माहेर दाखवायला आणलं होतं मला.

मग मागच्या रांगेतून काठी टेकत एक गोरी म्हातारी उठली. मृणाल सांगत होती: "आई, त्या इंग्लंडच्या आहेत. म्हणतात, आमच्याकडेही खोकल्याचं औषध केमिस्टकडेच मिळतं. मी इथे आले तेव्हा पहिला हिवाळाभर केमिस्ट कुठे आहे म्हणून विचारत फिरत होते. लोक मला विद्यापीठाकडे पाठवायचे." सगळा हॉल पुन्हा हसला, व्यासपीठावरचे गृहस्थही हसले, आणि म्हणाले की समिती पुन्हा बघेल. बाई आपल्या जागी येऊन बसल्या.

आपल्या माणसांचं काम एका परक्या म्हातारीने केलं. मला तिचं नावही माहीत नाही. ज्यांची नावं माहीत आहेत, त्यांच्यावर मी चिडलेली आहे, आणि हे आपापल्या घरी बसून वाचताना त्यांना आपापली रांग आठवेल.

आम्ही तिघी बाहेर पडलो. सबवेच्या, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेच्या, तोंडाशी बाई तिकिटाची टोकनं काढायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, माहेरी भांडण झालं तरी उपाशी निघू नये." तेव्हा त्या हसल्या. कोपऱ्यावरच्या गाडीवरून त्यांनी फ्राइज, म्हणजे वर व्हिनेगर शिंपडलेल्या बटाट्याच्या तळलेल्या काड्या, घेतल्या, आणि आम्ही फुटपाथवर उभ्या राहून खाल्ल्या. बाईंचे डोळे भरले होते. "व्हिनेगर जास्त झालं," म्हणाल्या. ज्यांना करपलेल्या फोडणीचा वास येत नाही, त्यांना व्हिनेगर झोंबलं!

समितीने पुन्हा बघितलं. मृणालला मुलाखतीला बोलावलं. मग दर शनिवारी बाई आमच्या बेसमेंटमध्ये तिचा अभ्यास घ्यायला लागल्या. मी चहा घेऊन खाली जायचे. विषय कळत नव्हता, पण बाईंचा ओरडा कळत होता. "मृणाल, प्रत्येक उत्तराआधी 'मला वाटतं' कशाला म्हणतेस? तुला वाटतं की तुला माहीत आहे?"

"माहीत आहे, मॅडम."

"मग तसं म्हण. इतके दिवस लेबलं चिकटवून आवाजसुद्धा चिकटलाय तुझा."

मुलाखत झाली, आणि मृणालच्या नावापुढे ती अक्षरं लागली. मला एकही अक्षर येत नाही, आणि त्या दोन-चार अक्षरांसाठी मी देवापुढे नारळ फोडला. आज ती पिण्याचं पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. नळ सोडून पाणी प्यायच्या आधी गावं तिच्या सहीची वाट बघतात. पहिल्या पगाराच्या दिवशी आम्ही किराणा आणायला गेलो, तर हिने लोणच्याची बाटली उलटी केली आणि म्हणाली, "आई, बघा काय काय घातलंय यात." मी तिथेच, ट्रॉलीला धरून उभी राहिले. त्या बाटलीत काय होतं ते मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते, नुसता तिचा आवाज घेत होते.

इथे हा लेख संपला असता तर गोड झाला असता, माधवराव. पण लेख मागायला तुम्ही फोन केलात ना, तेव्हा बोलता बोलता तुमच्या तोंडून एक गोष्ट निसटली. त्या सभेच्या आधी बाईंचं नाव संस्थेच्या अध्यक्षपदासाठी ठरल्यातच जमा होतं. सभेनंतर ते मागे पडलं. "जरा भांडखोर आहेत असं लोकांचं मत झालं," असं तुम्ही म्हणालात. हे मला माहीत नव्हतं. मृणालला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत बाईंनी आमच्या घरी किती चहा घेतले, पण हे एकदाही सांगितलं नाही. मी त्यांना जाऊन विचारलं, "बाई, हे खरं?" तर म्हणाल्या, "अध्यक्षाला फार भाषणं करावी लागतात हो. मला एकच करायचं होतं."

भांडखोर! ज्यांनी संस्थेच्या खुर्च्या मांडल्या त्या भांडखोर, आणि जे त्या खुर्च्यांवर तोंड मिटून बसले ते अमृतमहोत्सव समितीवर! म्हणूनच बाई आधी या सत्काराला नाही म्हणत होत्या. मग त्यांनी अट घातली की गंगाबाईंचा लेख एक ओळही न काढता छापायचा, तरच येईन. बाईंनी आयुष्यात स्वतःसाठी एवढंच मागितलं असेल.

गेल्या आठवड्यात माधवराव मिल्टनला घरी आले. अट मान्य केली होती, म्हणून लेख वाचायला. आमच्या दिवाणखान्यात बसून त्यांनी पहिल्यापासून इथपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवून मांडीवर ठेवले. मी म्हटलं, "काय काढायचं म्हणता?"

"काही नाही, काकू. एकच चूक आहे. मी बुटांकडे बघत नव्हतो."

"मग?"

"दाराकडे बघत होतो. बाहेर कसं जाता येईल ते."

खोटं बोलले असते तर मी सोडलं नसतं. पण हे ऐकून मला त्यांच्यासाठी चहा टाकावासा वाटला, आणि मी टाकला. बुटांचं मात्र तसंच ठेवलं आहे. मला जे दिसलं ते मी सांगितलं, त्यांना जे दिसलं ते त्यांनी.

चहा देताना मी त्यांना एकच गोष्ट सांगितली. समारंभात शाल तुम्हीच घाला, श्रीफळही तुम्हीच द्या. पण त्याआधी माइकपाशी उभे राहा, आणि जे वाक्य त्या दिवशी बोलायचं होतं ते बोला. मोठं नाही. "आमच्याकडे दोघांनाही केमिस्टच म्हणतात." एवढंच. माधवराव कपाकडे बघत म्हणाले, "बोलेन." हा ग्रंथ समारंभात तुमच्या हाती येईल तेव्हा ते बोललेले असतील, किंवा नसतील. नसतील, तर हे पान उघडून त्यांच्यापुढे धरा.

आता शुभेच्छा. शरयूबाई, तुमच्या माहेराला एक शब्द समजायला कित्येक महिने लागले. तुमच्याशी कसे वागले हे समजायला त्यांना किती लागतील देव जाणे. तेवढं सगळं आयुष्य तुम्हाला मिळो, धडधाकट मिळो, म्हणजे ते माफी मागायला येतील तेव्हा दार उघडायला तुम्ही स्वतः असाल. आणि ते येऊन गेल्यावर वर आणखी पुष्कळ वर्षं मिळोत, नुसती चहा प्यायला.

आणि दुकानात असाल तर बघून ठेवा. ट्यूब संपत आली आहे. या वेळी दोन्ही गुडघे.

(सांगणाऱ्या: श्रीमती गंगाबाई वानखडे, मिल्टन. लिहिणारी: मृणाल वानखडे, केमिस्ट.)